मी लिहिलेली हाक

चैत्र लागला की सोलापुरात दुपारचे दोन-अडीच तास कुणाच्याच मालकीचे नसतात. रस्त्यावर माणूस दिसत नाही. भिंतींच्या सावल्या भिंतीतच शिरून बसतात. कडुनिंबाचा मोहोर आवाज न करता गळत राहतो, आणि मागांचा खडखडाट थांबला की आपल्याच कानात एक बारीक सूर ऐकू येऊ लागतो. बाहेरगावची माणसं इथल्या उन्हाला भितात. मी या शांततेला भिते.

नेमके हेच दिवस परीक्षांचे. शेजारची सुमन रोज दुपारी वही घेऊन माझ्याकडे येते. मी आयुष्यभर मुलींना मराठी शिकवलं, म्हणून तिचे निबंध मी तपासून द्यायचे असं दोन्ही घरांनी ठरवून टाकलं आहे. काल तिने आमच्या पेठेतलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून निबंध लिहून आणला. चांगला लिहिला होता. मध्ये एका ठिकाणी एक बाई तापाने फणफणलेलं मूल खांद्यावर घेऊन त्या दुकानाच्या दारात उभी होती, आणि आतून तिचा नवरा हसत होता. वाचताना माझ्याही अंगावर काटा आला. मी विचारलं, हे तू पाहिलंस का. ती अगदी सहज म्हणाली, "नाही आजी. पण असं एक घातलं की मार्क पडतात."

मी पेन्सिल खाली ठेवली. मलाही पडले होते.

शहरात इंग्रजांचा लष्करी कायदा येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीचा तो उन्हाळा. मी चौदा वर्षांची होते, मुलींच्या मराठी शाळेत सातवीत. आमच्या घरी तेलुगू बोलत. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो, आईला अम्मा. नायना हातमागावर लुगडी विणायचे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, डाव्या पायाने एक फळी दाबायची, उजव्याने दुसरी, आणि मधून धोटा पळवायचा. लोकांना विणकराचे हात दिसतात. त्याचं सगळं पोट असतं पायांवर.

त्या वर्षी होळीच्या सुमारास नायनांच्या उजव्या घोट्याला फोड आला. आठ दिवस ठणकला, मग फुटला, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकावलं. तो नारू होता, कातडीखाली वाढणारा दोऱ्यासारखा लांब जंत. पेठेतल्या एका जाणत्या म्हाताऱ्याने ते टोक एका काडीला गुंडाळून दिलं आणि सांगितलं की रोज थोडाच ओढायचा, बोटभर आला तरी पुष्कळ. तुटून आत राहिला तर पायाची आशा सोडायची. अम्माचे हात थरथरायचे म्हणून हे काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी शाळेला जायच्या आधी मी ती काडी अर्धा फेरा फिरवायची. जन्मभर सूत हाताळलेल्या माणसाच्या पायातून मी सूत गुंडाळत होते. नायना आढ्याकडे बघत पडून राहायचे. एकदा ते तेलुगूत हळूच म्हणाले, "अंबू, आत ते हलतंय." मी काडी सोडली नाही, पण त्या दिवशी शाळेत माझ्या बोटांना दिवसभर ते हलणं जाणवत राहिलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा रोग पाण्यातून येतो. ज्याच्या पायाला नारू आहे तो माणूस पाण्यात उतरला की रोगाचं बी पाण्यात पडतं, आणि ते पाणी जो पितो त्याच्या अंगात वर्षभराने दोरा तयार होतो. आमच्या पेठेचं पाणी म्हणजे रंगाऱ्याची बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पाण्यापर्यंत उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायची. वर डोक्यावर आग असली तरी खाली पाय ठेवताच अंगावर शिरशिरी यायची. वटवाघळांचा वास, शेवाळाचा वास, आणि तळाशी कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या बायका. खाली उभं राहून बोललं तर आवाज सरळ परत यायचा नाही. आधी शब्दाचं शेपूट यायचं, मग कुठूनतरी उरलेला शब्द. लहानपणी आम्ही मुली तिथे मुद्दाम एकमेकींची नावं घ्यायचो आणि पळत वर यायचो.

मुनसिपालटीने ठरवलं की बारवेच्या पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा आणि रहाट बसवायचा, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही. त्यावरून पेठेत दोन तट पडले. रंगारी म्हणाले की सुताला लाल रंग धरतो तो याच पाण्यात, आणि पायऱ्या गेल्या की सूत धुवायचं कुठं. जुनी माणसं म्हणाली की आसरांचा रस्ता बंद केला तर त्या दुसऱ्या रस्त्याने बाहेर येतील. अड्ड्यावर, देवळात, हौदावर दुसरा विषय नव्हता.

शाळेतही नव्हता. आदल्या वर्षी शहराने जे पाहिलं त्यानंतर शाळेत राज्याविषयी, मोर्चाविषयी, पांढऱ्या टोपीविषयी एक अक्षर लिहायचं नाही असं आम्हाला बजावलेलं होतं. मोठ्यांच्या घरात कुजबूज चाले, आम्ही शिरलो की ती थांबे. बोलायचं खूप होतं आणि बोलायला एकच गोष्ट मोकळी होती. सगळ्यांच्या मनातली धग त्या एका बारवेवर जाऊन पडली, असं मला आता वाटतं. माझी जिवाभावाची मैत्रीण जना रंगाऱ्याची मुलगी. आम्ही एका पाटावर बसायचो. त्या महिन्यात ती उठून दुसऱ्या बाजूला गेली. तिने बारव राहावी म्हणून निबंध लिहायला घेतला, मी बुजवावी म्हणून.

परीक्षेआधी शाळेचं बक्षीस-वाटप असायचं आणि त्यात एक निबंध सगळ्यांसमोर वाचला जायचा. त्या वर्षी पाहुणे म्हणून मुनसिपालटीचे एक मेंबर येणार होते, आणि ते अजून कुणाच्या बाजूने नव्हते. म्हणून आमच्या वत्सलाबाईंनी विषयच तो दिला. वत्सलाबाई तरुणपणी विधवा झालेल्या, स्वतः शिकून शाळेत लागलेल्या. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपण मोठं काहीतरी करू शकतो असं वाटायचं. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं ओळीने लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि वही मिटून माझ्याकडे दिली.

"अंबू, यातलं सगळं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण नुसतं खरं असून माणूस हलत नाही. त्याला हात धरून उठवावं लागतं. एखादं माणूस दाखव, त्याचं दुःख दाखव."

मी नायनांचा पाय लिहू शकले असते. खूपदा मनात येतं की तेवढंच लिहिलं असतं तर. पण त्या वयात आपल्या घरातलं पू आणि रक्त चारचौघांत वाचून दाखवायची लाज वाटली. मी दुसऱ्या कुणाचं दुःख शोधू लागले, आणि ते बारवेच्या तोंडाशीच बसलेलं होतं.

सोनाबाई मोहोळकडची. नवरा गेल्यावर शहरात आली आणि बारवेजवळ एक खोपट करून राहिली. पहाटे पायऱ्या झाडायची, शेवाळ खरवडायची, आसरांपुढे दिवा लावायची. बाया पाण्याला आल्या की पसाभर जोंधळे, भाकरीचा तुकडा ठेवून जायच्या. मी तिला मावशी म्हणायची. नायना पडून होते तेव्हा पाण्याला मीच जात होते, आणि भरलेली घागर डोक्यावर चढवायला ती हात द्यायची. पायऱ्यांवर दम खाताना तिने मला तिच्या लेकीची गोष्ट सांगितली होती. चंद्रा तिची एकुलती एक. करकंबला दिलेली. पहिल्याच बाळंतपणात तिकडे दगावली. मोहोळला सांगावा पोचला तो तिसऱ्या दिवशी.

"तोंड न्हाय बगितलं मी तिचं," मावशी म्हणाली होती. "मी जाईस्तवर समदं झालं हुतं. राख दावली मला. राखंला तोंड असतंय व्हय?"

एवढंच होतं. पेठेत हे तिने दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी ते ऐकलं, घागर उचलली आणि घरी गेले.

निबंध मी भर दुपारी लिहिला. नायना झोपले होते, अम्मा सुताच्या कांड्या भरता भरता भिंतीला टेकून पेंगत होती. बाराचा गिरणीचा भोंगा झाला. तो लांबत लांबत गेला आणि तुटला, आणि त्यामागून ती शांतता आली. मी सकाळी जनाशी कडाक्याचं भांडले होते. ती सगळ्यांसमोर म्हणाली होती की तुझा बाप पांगळा झाला त्याला आमची विहीर काय करील. माझ्या छातीत निखारा होता. मी टाक शाईत बुडवला आणि हाताने आपोआप लिहिलं:

'भर मध्यान्ही, गिरणीचा भोंगा थांबला, की त्या पाण्यातून कोणी नाव घेऊन हाक मारते. जिचे नाव घेतले ती पायऱ्या उतरू लागते, आणि वर तरंगत येते ती केवळ घागर. सोनाबाईची चंद्रा अशीच गेली.'

लिहून झाल्यावर मी ते वाचलं आणि मला भीती वाटली. मग आनंद झाला. दोन्ही इतके लागून आले की मला वेगळे करता आले नाहीत. शेवटी एक वाक्य मी शहाणपणाने जोडलं, की ही हाक म्हणजे रोगाचीच हाक होय. म्हणजे ही उपमा झाली, खोटं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली. वत्सलाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी विचारलं की ही चंद्राची गोष्ट खरी का. मी मान हलवली. त्यांना आणखी एक प्रश्न विचारता आला असता. त्यांनी तो विचारला नाही.

बक्षीस-वाटपाच्या दिवशी मी तो निबंध वाचला. पत्र्याच्या छपराखाली दीडदोनशे माणसं बसली होती, पंखे हलवत होती. मी त्या वाक्यापाशी आले आणि पंखे थांबले. एकाच वेळी सगळे. मी वर पाहिलं तर इतके डोळे माझ्याकडे लागले होते की मला माझाच आवाज परका वाटला. आता या माणसांना मी कुठेही नेऊ शकते, असं मला त्या क्षणी कळलं, आणि तसं कळणं चांगलं नसतं. पुढचं वाक्य, रोगाच्या हाकेचं, मी मोठ्याने वाचलं. ते कुणाच्या कानात शिरलं नाही. पुढे ज्या कुणी तो निबंध तोंडी सांगितला, त्याने ते एक वाक्य वगळूनच सांगितला.

पहिलं बक्षीस मला मिळालं. मेंबरांनी निबंध मागून घेतला आणि गावातल्या एका साप्ताहिकात तो छापून आला. पंधरा दिवसांत पायऱ्या बुजवायचा ठराव झाला.

त्या पंधरा दिवसांतच हाक सुरू झाली.

पहिल्यांदा एका रंगाऱ्याच्या सुनेने ऐकली. ती दुपारी सूत धुवायला उतरली होती. घागर आणि सूत तिथेच टाकून ती धावत वर आली, आणि तिच्या माहेरच्या नावाने तिला खालून बोलावलं असं सांगत राहिली. ते नाव सासरी कुणाला ठाऊकही नव्हतं म्हणे. मग एका विणकराच्या म्हातारीने ऐकली. मग दूधवाल्याने. दर खेपेला गोष्ट सांगणारा माझे शब्द वापरायचा. भोंगा थांबला की. नाव घेऊन. घागर तेवढी वर. आणि हाक मारणारी आता चंद्राच झाली होती. मी बाजारात उभी असायची आणि अनोळखी तोंडातून माझं वाक्य माझ्याकडे चालत यायचं, जसं बारवेतून यायचं तसं, आधी शेपूट आणि मग बाकीचं. अम्मा मला पाण्याला पाठवेना. ती स्वतः जाऊ लागली, आणि जाताना कानांवरून पदर घट्ट बांधून घ्यायची. मी तिला सांगितलं की अम्मा, ते मी लिहिलंय. ती म्हणाली, लिहिलंस म्हणूनच तर कळलं.

जना एक दिवस माझ्या पाटावर परत येऊन बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली की मी हरले, बारव बुजवू देत, मी काल स्वतः ऐकलं. तिचा हात हातात घेतला तर तो गार होता. मला तिला जिंकायचं होतं, आणि मी तिला जिंकलं होतं. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटली तेव्हा सोनामावशी फाटकाशी उभी होती. ती कधी बारव सोडून लांब जात नसे. धुतलेलं लुगडं नेसली होती, कपाळ पुसून स्वच्छ केलं होतं, एखाद्या घरी पाहुणी जावी तशी. तिने मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं.

"अंबे, तू लिवलंयस म्हनं. माजी चंद्रा हाक मारती म्हनं हितं. कशी मारती गं? आये म्हनती का आक्का म्हनती? ल्हानपनी मला आक्काच म्हनायची."

ती माझ्या गप्प राहण्यात काहीतरी वाचत होती. तिचे डोळे भरून आले आणि ती हसली. करकंबहून इतक्या लांब आली की माझी लेक, असं म्हणत ती परत फिरली. तिला माझा राग येईल, ती मला शिव्या देईल अशी भीती मी किती दिवस बाळगली होती. ती आनंदली होती. त्या आनंदासारखं भयंकर मी पुढे काही पाहिलं नाही.

तेव्हापासून ती रोज बारा वाजता पाण्यापासच्या पायरीवर जाऊन बसू लागली. भोंगा थांबला की मान किंचित वाकडी करून ऐकायची. वरून बाया बघायच्या आणि पदर तोंडाला लावून निघून जायच्या. तिच्यापुढे आता जोंधळे कमी आणि हळदकुंकू जास्त पडू लागलं.

मी दोन रात्री तळमळले आणि सकाळी तिच्याकडे गेले. ती पायऱ्या झाडत होती. मी सगळं सांगितलं. की तुझी चंद्रा करकंबला वारली हे मला माहीत होतं, की या विहिरीत ती कधी आलीच नाही, की ते मी मनाने लिहिलं. तिने खराटा थांबवला.

"मनानं लिवलंस," ती म्हणाली. "आन् मनात कुनी घातलं?"

ती परत झाडू लागली. मला आता भीती वाटते म्हणून मी नाही म्हणते आहे, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली आणि वर मलाच धीर दिला, की भिऊ नको, माझी लेक कुणाचं वाईट करायची नाही.

मग मी वत्सलाबाईंकडे गेले. त्या परीक्षेच्या याद्या करत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही, एवढं मला चांगलं आठवतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आता सांगितलंस तर पायऱ्या तशाच राहतील. पुढच्या होळीला आणखी किती पाय सडतील ते मोज, आणि मग ठरव." त्यांचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही. मी घरी आले आणि नायनांची काडी अर्धा फेरा फिरवली. चार दिवसांनी त्यांच्या पायातून शेवटचं टोक बाहेर आलं, अख्खं. मी कुणालाही काही सांगितलं नाही.

वैशाखात काम सुरू झालं. गाड्यांतून दगड आले, वडार माणसं आली. पाण्याकडच्या पायऱ्या आधी भरायच्या होत्या. सोनामावशीला उठवायची कुणाची हिंमत होईना. मुकादमाने मला बोलावणं पाठवलं, कारण निबंधवाली मुलगी मीच. मी गेले तेव्हा बारा वाजत आले होते. मावशी खाली पायरीवर बसली होती, मी दहाबारा पायऱ्या वर उभी राहिले. काठावर माणसं गोळा झाली होती. भोंगा झाला. हातोडे थांबले. भोंगा लांबत गेला आणि तुटला.

इतकी माणसं उभी होती आणि श्वासाचा आवाज नव्हता. पाणी काळं आणि सपाट होतं. आसरांच्या दिव्याची ज्योत सरळ उभी होती. मी स्वतःला बजावत होते की इथे काही नाही, हे सगळं मी एका दुपारी शाईने केलं आहे. आणि तेव्हा खालून आवाज आला. आधी नुसतं '…बू'. बारीक, ओलसर, लहान मुलीचा असावा तसा. मग थोड्या वेळाने, दुसऱ्या बाजूने, 'अं'.

कुणीतरी वरून मला हाक मारली असेल. अम्मा मला शोधत आली असेल आणि तिच्या हाकेचा तो पडसाद असेल. मी हे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले आहे. अम्मा त्या दिवशी घरीच होती.

मावशीने पाण्याकडे पाहिलं नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वाटून दिलेला खाऊ दुसऱ्याच्या हातात गेल्यावर लहान मूल बघतं, तशी ती बघत होती.

"मी इतके दिस बसले," ती म्हणाली, "आन् हाक तुला."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्या अंगाला अंग न लावता बाजूने वर गेली, आणि गर्दीने तिला वाट दिली. संध्याकाळच्या आत खोपट रिकामं होतं. मोहोळला भाच्याकडे गेली असं नंतर कळलं. पायऱ्या बुजल्या, कठडा झाला, रहाट बसला. पुढल्या होळीला आमच्या पेठेत नारूचे पाय थोडेच दिसले आणि त्याच्या पुढल्या होळीला एकही नाही. नायना परत मागाच्या खड्ड्यात बसले आणि म्हातारे होईपर्यंत विणत राहिले. माझ्या निबंधाने एवढं केलं. हे मी नाकारत नाही, आणि कुणी शाबासकी दिली तर घेतही नाही.

तीन वर्षांनी मी मास्तरीण होण्यासाठी शिकत होते. एक दिवस धीर करून आगगाडीने मोहोळला गेले. मावशीचा भाचा गावाबाहेर मळ्यात राहत होता. ती ओसरीवर बसली होती, डोळे बरेच गेले होते. मी आवाज दिला तेव्हा तिने ओळखलं आणि माझे हात धरून मला जवळ बसवलं. राग नव्हता. शेजारच्या दोन बाया आल्या होत्या. मावशीने त्यांना सांगायला सुरुवात केली की हिला माझी चंद्रा ठाऊक हाय.

मग तिने चंद्राची गोष्ट सांगितली. चंद्रा पिवळं लुगडं नेसून तांब्याची घागर घेऊन भर दुपारी बारवेवर गेली होती. भोंगा थांबला. खालून कुणी नाव घेतलं. चंद्रा उतरली, आणि घागर तेवढी वर आली. पिवळं लुगडं मी लिहिलं नव्हतं. तांब्याची घागर लिहिली नव्हती. मावशीला ती घागर दिसत होती. तिच्या काठावरचा पोचा कुठे होता ते ती बोटाने दाखवत होती. तिने चंद्राला वर काढलं, मांडीवर घेतलं, केस पिळले, तोंड पुसलं. तोंड कसं शांत होतं ते ती सांगत होती.

बाया गेल्यावर मी तिच्या कानाशी वाकले. म्हटलं, मावशी, चंद्रा करकंबला गेली ना? बाळंतपणात. तुला सांगावा तिसऱ्या दिवशी पोचला. तूच मला सांगितलं होतंस.

तिच्या कपाळावर आठी पडली. तिने खरंच आठवून पाहिलं.

"करकंब?" ती म्हणाली. "तितं कोन हाय माजं?"

मी भाचेसुनेकडे पाहिलं. ती चुलीपुढून म्हणाली की आमाला काय ठावं, आमी ल्हान हुतो, आत्या सांगत्यात तेच खरं. मी पाणी प्याले आणि निघाले. स्टेशनापर्यंतच्या वाटेवर दुतर्फा कापणी झालेली रानं होती, धसकटं उभी होती, आणि चालता चालता मला कळत गेलं की ती गोष्ट जशी घडली तशी आता सबंध जगात एकट्या मला ठाऊक आहे.

मावशी जाऊनही आता फार वर्षं झाली. त्या मुलीचं मरण मी जिथून उचललं तिथे परत नेऊन ठेवणं मला जमलं नाही. एकदोनदा निबंधासारखं लिहून पाहिलं. पहिल्या पानावरच हात सुटायचा, वाक्यं सुंदर होऊ लागायची, आणि मी कागद फाडायची. म्हणून आज साधं लिहिते. चंद्रा ही मोहोळकडच्या सोनाबाईची एकुलती लेक. ती करकंबला नांदायला गेली आणि पहिल्या बाळंतपणात तिथेच वारली. आईला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. ती सोलापूरला कधी आली नव्हती, आणि तिने कुणालाही हाक मारली नाही.

लिहून झाल्यावर मी हे वाचून पाहिलं. कुणाला पटावं असं त्यात काहीच नाही.